चार ससे, एक गव्हाण : वाटपाच्या नोंदी

२ जानेवारी

आजपासून चौघांचं खाणं मोजून द्यायचं. घरच्यांचं म्हणणं, चौघांपुरतं खाणं रोज पडतंय, ताटली रिकामी होतेय, मग मोजायचं काय? म्हणून सुरुवात खाण्यापासून न करता वजनापासून केली. पार्सलवाल्यांकडे असतो तसा सपाट डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचा टब, काटा शून्यावर आणायचा आणि मग ससा आत.

भीमा ३.६० किलो
नीरा २.४५
माण्या २.४०
सीना १.८५

नावं भाच्यानं ठेवलेली. तिसरीच्या परिसर अभ्यासात आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नद्या होत्या तेव्हाची. माण नदीवरून माण्या, हा एकटा नर, नसबंदी झालेला. चौघंही पूर्ण वाढीचे.

नुसत्या आकड्यावर भरवसा नको, म्हणून बरगड्यांवरून बोटं फिरवली. सीनाच्या टोचतात. नीरा आणि माण्याच्या हलक्या हातालाही लागतात, म्हणजे ठीक. भीमाच्या दाबून शोधाव्या लागल्या. सीना दिवाळीत २.१० होती.

ताटली रिकामी होते हे खरंच आहे. ती रिकामी कोण करतं, एवढाच प्रश्न.

४ जानेवारी

सशाच्या खाण्याचा मोठा भाग वाळलेलं गवत. ते चोवीस तास समोर हवं, कधीच मोजायचं नाही. ससा सतत थोडंथोडं खातो. तंतुमय चारा पुढे सरकत राहिला तरच आतडी चालू राहतात. दातांचीही तीच गोष्ट. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात, मागच्या दाढाही जन्मभर वाढतच असतात. झिजवायला गवतासारखं काही नाही. पालेभाजी रोज, पण मुठीच्या हिशेबात. पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या, सगळ्यात कमी. वजनाच्या किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम ही पूर्ण वाढलेल्या सशाची वरची मर्यादा समजतात, आणि ती उड्या मारायला जागा असलेल्या सशासाठी. आमचे मागच्या खोलीत बसून असतात.

आमच्याकडे उलटं चाललं होतं. पेलेटची ताटली भरलेली आणि गवत कोपऱ्यात. पेलेट म्हणजे आंबोण (गुरांना वरून चारतात ती भरड) झालं, वैरण नव्हे. आंबोणावर कुठलं जनावर जगवतात?

म्हणून मोजायचे ते फक्त पेलेट. भीमा ३०, नीरा ३०, माण्या ३०, सीना ५०. भीमाचा आणि सीनाचा आकडा त्यांच्या आजच्या वजनावर धरलेला नाही, त्या जिथे यायला हव्यात त्या वजनावर धरलाय. आतापर्यंत रोज २०० च्या वर पडत होते. एकदम १४० वर आणायचं नाही, दोन आठवडे घेऊन उतरवायचं. लठ्ठ ससा अचानक उपाशी राहिला तर अंगातली चरबी यकृतावर येते आणि जिवावर बेततं.

आईला सीनाचे ५० पटले नाहीत. "सगळ्यांना सारखं वाढावं. एकाला जास्त दिलं की बाकीच्यांचा डोळा त्याच्या ताटात." डोळा तर आत्ताच आहे. भीमाचा, चारही ताटांत.

७ जानेवारी

चार वाट्या, चार कोपऱ्यांत. भीमानं आपली संपवली आणि सीनाच्या वाटीवर गेली. सीना उठली, भीमाची रिकामी वाटी चाटून आली. मग भीमा माण्याकडे, माण्या नीराकडे. मारामारी नाही, चावाचावी नाही. भीमा नुसती येऊन उभी राहते आणि समोरचा उठतो. कळपात मान कुणाचा हे ठरलेलं असलं की भांडायची गरज पडत नाही. त्यामुळेच इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नसावं.

सीनाला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं नाही, हे आधीच ठरलंय. एकत्र राहणारे ससे काही दिवस वेगळे झाले की परत आणताना पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते, आणि त्यात केस उपटण्यापासून जखमांपर्यंत काहीही होऊ शकतं.

१० जानेवारी

वाट्या बंद. पेलेट आता गवतात उधळायचे. मुठीनं सगळ्या खोलीभर, कडब्याच्या पाल्याखालीसुद्धा. तीन-चार मिनिटांत संपणारं खाणं आता अर्धा तास पुरतं. शोधाशोधीत गवतही तोंडात जातं, हा वरचा फायदा. नीरा आणि माण्याला वाटा नीट मिळतोय. भीमा मात्र नाक जमिनीला लावून सरळ रेषेत चालते आणि मागे काही उरत नाही. सीना कडेकडेनं.

१३ जानेवारी, भोगी

घरात गाजरं, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, सगळा पसारा. शेजारच्या मुली सशांसाठी गाजरं घेऊन आल्या. ससा म्हटलं की गाजर, हे चित्रांनी डोक्यात घातलंय. गाजर गोड असतं. चौघांत मिळून एकाच्या चार चकत्या, त्याही सणाचं म्हणून. पाला मात्र सगळा घेतला, तो भाजीत धरायचा. बाजारात गाजरवाले पाला तिथेच टाकतात, मागितला तर फुकट देतात. मुळ्याचाही. कोथिंबिरीच्या काड्या आहेतच. पालक रोज नाही. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही. भाकरी, चपाती, बिस्किट, चुरमुरे यांचीही तीच यादी, आणि ती भिंतीवर आईच्या डोळ्यांच्या उंचीला लावली आहे.

१७ जानेवारी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम झालं. यात्रेचं होम मैदान आमच्यापासून लांब, तरी आवाज पोचतोच. ससे भिंतीला चिकटून बसले आणि रात्रीचं खाणं तसंच राहिलं.

एरवी ससा १०-१२ तास काही खात नसेल आणि लेंड्याही टाकत नसेल तर सकाळ व्हायची वाट बघू नये, डॉक्टर गाठावा. आतडी थांबली की गोष्टी भराभर बिघडतात. पण चौघं एका खोलीत असले की लेंड्या कुणाच्या, हे कोण सांगणार? एकटा ससा पाळणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही. एका निरोगी सशाच्या दिवसाला २०० ते ३०० लेंड्या असतात. खोलीत नऊशे पडल्या काय आणि सातशे, झाडणाऱ्याला ढीग सारखाच. त्यातला एक ससा बंद पडला तरी कळणार नाही.

तोडगा असा. संध्याकाळची भाजी चौघांना जाळीच्या चार कप्प्यांत द्यायची, शेजारी शेजारी, एकमेकांना दिसतील आणि नाक लागेल असे. तासभर. तेवढ्यात कोण खातं, काय टाकतं आणि लेंडी केवढी, सगळं वेगवेगळं बघता येतं. तासाभरानं जाळी उचलायची. एवढ्या वेळानं नातं तुटत नाही.

काल कप्पे केले. चौघांनीही भाजी खाल्ली. सीनाच्या लेंड्या बाकीच्यांपेक्षा बारीक आणि कमी.

१९ जानेवारी

मग पेलेटही कप्प्यातच का देत नाही, असं भावानं विचारलं. बरोबर विचारलं. पण सीनाला ५० ग्रॅम एका बैठकीत द्यायचे नाहीत, आणि दिवसातून तीनदा जाळ्या लावायला घरात कुणी नसतं. तिला दिवसभरात थोडंथोडं मिळावं आणि भीमाला मिळू नये, अशी काहीतरी सोय हवी.

शेळ्यांच्या गोठ्यात करडांसाठी आडोसा करतात. फटीतून करडू आत जातं, शेळी जात नाही, आत करडाचं खाणं. तेच करायचं.

२६ जानेवारी

सुट्टीचा सगळा दिवस खोक्यात गेला.

भोक केवढं ठेवायचं हे आधी पुठ्ठ्यावर ठरवलं. लाकडात भीमाचं डोकं अडकलं तर मान मोडायची. पुठ्ठा फाटतो, म्हणून चाचणी पुठ्ठ्यावरच. १२ सेंटिमीटरच्या भोकातून भीमा सोडून सगळे गेले. ११ मधून नीरा अंग चोरून गेली. साडेदहाला नीरानं डोकं घातलं, विचार केला, परत आली. सीना सरळ आत. माण्यानं पुठ्ठाच खाल्ला. साडेदहा पक्कं.

एक मात्र ध्यानात ठेवायचं. हे भोक सीना बारीक आहे म्हणून चालतं. ती भरली की तिलाही अडचण होणार, म्हणजे खोकं कायमचं नाही.

मग जुनी लाकडी पेटी घेतली. भोकाच्या कडा कानशीनं गोल केल्या आणि पॉलिश पेपर मारला. वर झाकणाऐवजी जाळी, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. आत सीनाला वळता येईल एवढी जागा.

दुपारी चालू केलं. सीना आत गेली, आणि भीमा भोकासमोर बैठक मारून बसली. भुईकोटाला वेढा पडावा तशी. सीना आत कोंडलेली, खाणं समोर असून खाईना. संध्याकाळी समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं. आता भीमा एका दाराशी गेली की सीना दुसऱ्यानं निघते. दोन दारांवर एकटीला पहारा देता येत नाही, हे तिला रात्री नऊच्या सुमारास कळलं आणि ती गवताकडे गेली.

८ फेब्रुवारी

भीमा ३.५०. सीना १.९५. बाकी दोघं जिथल्या तिथे.

भीमा गवताच्या गव्हाणीवर जास्त वेळ असते. नाइलाजानं, पण असते. गव्हाण एकच होती, आता तीन केल्या, लांब लांब. न मोजायचं खाणंसुद्धा एकाच जागी ठेवलं की त्याला मालक तयार होतो.

१६ फेब्रुवारी

मंगळवेढ्याहून मामा आले. शाळू (रब्बी ज्वारी) काढून झाला, नवा कडबा आणला. सशांसाठी म्हटल्यावर त्यांना नवल.

"पोरी, सशाला कडबा? दात हाईत व्हय त्यास्नी तेवढं?"

"हाईत की मामा. अठ्ठावीस."

"मग माझ्यापरीस बरं हाईत."

कडब्याचा पाला चौघं आवडीनं खातात, धाटं कुरतडायला. पण खरी भिस्त माळावरच्या वाळलेल्या मारवेल गवतावर. कडब्याची पेंढी सोडून आधी वास घ्यायचा, बुडखे बघायचे. काळपट किंवा बुरशीचं दिसलं तर ती पेंढी सशांना नाही. शाळू कापल्यावर बुडख्यांना येणारे हिरवे फुटवे आणू का, असंही मामांनी विचारलं. ते नको म्हटलं. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गुरांना ती बाधते हे मामा माझ्याहून चांगलं जाणतात. सशाला तर एवढंसं पोट.

बाजारात लसूणघासाच्या (ल्यूसर्न हा चारा, लसूण नव्हे) पेंढ्या स्वस्त मिळतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिलांना ती चांगली. मोठ्यांना रोजची वैरण म्हणून नाही. त्यात कॅल्शियम फार, आणि ससा खाल्लेलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट दिसायला लागली की समजायचं.

२ मार्च

सीना १.८०.

खोकं चालू आहे, पेलेट आत आहेत, भीमा आत जात नाही. तरी वजन उतरलं. म्हणजे वाटपाचा भाग सुटला आणि प्रश्न राहिला.

संध्याकाळी कप्प्यात तिच्यासमोर बसून राहिले. पेलेट उचलते, चावते, तोंडातून पडतो. कोथिंबिरीची पानं खाते, काड्या ठेवते. मारवेलला तोंड लावते आणि बाजूला होते. हनुवटीखालचे केस ओले. जाळीचे कप्पे नसते तर हे दिसलं नसतं. चौघांत तिनं टाकलेलं माण्या उचलतो आणि हिशेब पुरा दिसतो.

३ मार्च

डॉक्टरांनी कान तपासायच्या नळीनं तोंडात पाहिलं. खालच्या दाढेला जिभेच्या बाजूला टोक आलंय. खालच्या दाढांची टोकं जिभेला लागतात, वरच्यांची गालाला. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा घासल्या जातात. पेलेट उभ्या चावानं चुरडतात, त्यात दाढा पुरेशा घासत नाहीत. दाढ टोचते म्हणून गवत सोडलं, गवत सोडलं म्हणून दाढ आणखी वाढली.

भूल देऊन घासावी लागेल. इथे सशाच्या दाढांचं काम करणारं कुणी सापडलं नाही, पुण्याला जायचं. तोवर पेलेट कोमट पाण्यात भिजवून, लापशी करून, सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं. सोबत वेदनेचं औषध, डॉक्टरांनी दिलेल्या मापानं.

९ मार्च

पुणे. भावाची गाडी, उन्हाच्या आधी टेंभुर्णी मागे टाकायची म्हणून पहाटे तीनला निघालो. सोबत माण्या. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जोडीदार आणा. एकटा ससा परक्या जागी खाणं सोडतो. शिवाय सीना एकटी जाऊन दवाखान्याचा वास घेऊन परतली तर खोलीतले तिला परकी समजू शकतात.

भुलीआधी उपाशी ठेवू नका, हेही बजावलं होतं. माणसाला, कुत्र्याला रिकाम्या पोटी भूल देतात. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ते कारणच उरत नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतडी थांबायची भीती. पिंजऱ्यात टेंभुर्णीपासून पुण्यापर्यंत गवत होतं. माण्यानं दोघांचं खाल्लं.

दाढा घासल्या. संध्याकाळी शुद्धीवर येऊन सीनानं पहिली कोथिंबीर खाल्ली, काडीसकट.

१५ मार्च

सिरिंज बंद. आपणहून गवत खाते. थोडी लसूणघास तिला कप्प्यात वेगळी, अंग भरेपर्यंतच.

वहिनी म्हणाल्या, मग ते खोकं उगाच केलं का? नाही. खोक्याआधी ती खाते कमी आणि भीमा हिसकावते, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एक बाजूला काढली तेव्हा दुसरी दिसली. नाहीतर अजून भीमालाच बोल लावत बसलो असतो.

६ एप्रिल

सीना १.९५, भीमा ३.३५.

पारा चाळिशीच्या वर. मागच्या खोलीवर पत्रा, म्हणून सगळा संसार पुढच्या शहाबादी फरशीच्या खोलीत. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. पारा तिशी गाठायच्या आधीच त्याला त्रास सुरू होतो. बाटल्यांत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून फरशीवर ठेवतो. भीमा बाटलीशी पाठ लावून पडते. चरबीवाल्याला ऊन जास्त लागतं.

खाण्याच्या वेळा बदलल्या. पेलेट पहाटे साडेपाचला आणि रात्री साडेआठनंतर. दुपारी टाकलेलं कुणी शिवत नाही, मग संध्याकाळी उठून भीमा एकटी साफ करते. भाजी धुऊन, पाणी न झटकता. पाण्याच्या बाटल्या काढून जड चिनी मातीचे वाडगे ठेवले, वाडग्यातून ससे जास्त पितात. किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर दिवसाला, हे साधारण माप. उन्हाळ्यात वरच्या बाजूला. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा सशांचं पाणी पिण्याच्या हंड्यातलंच, सांडपाण्याच्या पिंपातलं नाही. यावर घरात एकमत व्हायला वेळ लागला.

४ मे

सीना २.१०. आज खोक्याच्या भोकात क्षणभर अडली, मग आत गेली. उद्या खोकं उचलायचं. पोट भरून बाहेर येताना अडकायला नको.

आता तिलाही ३० ग्रॅम, उधळलेलेच. बाकीच्यांच्या मानानं ती सावकाश खाते, म्हणून पहिली मूठ तिच्या बाजूला टाकायची आणि दुसरी भीमाच्या. भीमाला दोन्हीकडे एकदम जाता येत नाही.

१ जून

भीमा ३.१५. सगळ्यात मोठा फरक आकड्यात नाही, तिच्या मागच्या बाजूला आहे. ससे मऊ लेंड्या थेट बुडाला तोंड लावून खातात, त्यातून त्यांना जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. भीमाचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. त्या लेंड्या शेपटीखाली चिकटून राहायच्या, धुवावं लागायचं. आता पोचतं. पावसाळ्याच्या तोंडावर हे फार बरं झालं. अशा घाणीवर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या जिवंत कातडीत शिरतात. जानेवारीत तिचं वजन उतरवायची घाई त्यासाठीच होती.

२२ जून

दोन-तीन सरी झाल्या, माळ हिरवा झालाय. भाचा रोज मूठभर कोवळं गवत आणतो आणि चौघं तुटून पडतात. हिरव्या गवताला हरकत नाही, पण वाळलेल्यावरून एकदम ओल्यावर गेले की पोट ढिलं होतं. पहिला आठवडा चिमूटभर, मग वाढवायचं. रस्त्याकडेचं नको, तिथे कुत्री फिरतात आणि तणनाशक मारलेलं असतं.

२८ जून

आषाढीला आईबरोबर पंढरपूरला जाणार. मागे वहिनी बघतील. त्यांच्यासाठी काट्याच्या वर चिकटवलेला कागद:

गवत तिन्ही गव्हाणींत, संपू द्यायचं नाही. पेलेट चौघांत मिळून १२०, निम्मे पहाटे, निम्मे रात्री, उधळून. पहिली मूठ खिडकीकडे, सीना असेल तिकडे. भाजी संध्याकाळी, कप्प्यांत, तासभर. सीनानं काड्या ठेवल्या किंवा हनुवटी ओली दिसली तर मला फोन, मी उचलला नाही तर थेट डॉक्टरांना. दाढ परत वाढू शकते, एकदा घासली म्हणजे संपलं नाही. रविवारी वजन. भीमाची शेपटी रोज उचलून बघणे.

वहिनींनी वाचून खाली पेननं लिहिलंय: माण्यानं कागदाचा कोपरा खाल्ला, वर लावावा.